टाचेतल्या थेंबाची सोबतीण

बालमित्रांनो, दौंडमधल्या एका दवाखान्याच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथे मोडक्या खाटा आणि गंजलेले सलाइनचे स्टँड यांच्या पलीकडे एक तांबडी मोपेड तुम्हाला दिसेल. तांबडी म्हणजे, पूर्वी होती. आता तिच्या सीटमधला स्पंज उंदरांनी नेला आहे आणि आरसा कोणीतरी काढून घेतला आहे. ती मोपेड म्हणजे मीच. इथे माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून आज मीच बोलते.

कारखान्यात मला रंग दिला, चाकं जोडली आणि ट्रकमध्ये उभं करून दौंडच्या दुकानात आणलं. दुकानात माझा फार दिमाख होता. काचेतून ऊन आलं की माझी टाकी लखलखायची. मोठमोठ्या मोटारसायकली घेऊन लोक निघून जायचे, मी मात्र बरेच दिवस तिथेच होते. मग एके दिवशी पांढऱ्या साडीतल्या एक बाई आल्या. त्यांनी माझ्या हँडलवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हीच द्या. मला एकटीलाच बसायचंय."

त्या सीमाताई. दवाखान्यात त्या नर्स होत्या.

एकटीला म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना एक मुलगी होती, अंकिता. मला घेतलं तेव्हा ती चार वर्षांची होती आणि दिसायची दीड वर्षाची. ती माझ्या पायठेवणीवर उभी राहायची आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबायची. ते दाबायचं कसं, हे शिकायला तिला कितीतरी महिने लागले.

सीमाताई वाटेत आपल्याशीच बोलायच्या. त्या बोलण्यातून मला सगळं हळूहळू कळलं. आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक छोटी ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणाऱ्या रसावर बाळाचं अंग वाढतं आणि मेंदूही वाढतो. काही बाळांची ही ग्रंथी जन्मापासूनच काम करत नाही. अंकिताची तशी होती. बाळ दिसायला छान होतं, रडायचं नाही, दिवसभर झोपायचं. शेजारणी म्हणायच्या, "किती शांत लेकरू!" सीमाताईंनाही त्याचं कौतुक वाटायचं. अंकिता तीन वर्षांची झाली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी आजार ओळखला. गोळी सुरू झाली, उंची वाढू लागली. पण मेंदूच्या वाढीचा जो काळ निघून गेला होता, तो गोळीने परत आला नाही. अंकिताचे वडील कुरकुंभला कामाला होते. ते एकदा पाळीवर गेले आणि मग तिकडेच राहायला लागले.

पुढे अंकिताला पुण्याच्या एका निवासी शाळेत ठेवलं. दर रविवारी सीमाताई मला दौंड स्टेशनच्या स्टँडवर लावून पुण्याच्या गाडीत बसायच्या. मी दिवसभर उन्हात उभी असायचे. संध्याकाळी त्या परत आल्या की थोडा वेळ किल्लीच लावायच्या नाहीत. नुसत्या बसून राहायच्या. पायठेवणीची जागा रिकामी असायची. तिच्याकडे आम्ही दोघीही बघायचो नाही.

अशी काही वर्षं गेली. मग पुण्याच्या एका संस्थेने आमच्या दवाखान्यात एक नवं काम सुरू केलं. बाळ जन्मल्यावर दोन-तीन दिवसांनी त्याच्या टाचेला बारीक सुई टोचायची आणि रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे. ते वाळले की पुण्याला तपासणीला पाठवायचे. डोळ्यांना न दिसणारे जन्मजात आजार त्यात कळतात. हे काम सीमाताईंनी मागून घेतलं. वाळलेल्या थेंबांचं पाकीट माझ्या पुढच्या टोपलीत ठेवून आम्ही ते रोज कुरियरला द्यायला जायचो. मी ओझी पुष्कळ वाहिली आहेत, गॅसची टाकीसुद्धा. पण त्या हलक्या पाकिटाचा मला जेवढा मान वाटला, तेवढा कशाचाच वाटला नाही.

बायका मात्र रागवायच्या. "कोवळ्या लेकराला सुया कशापायी टोचता?" असं म्हणून काही जणी बाळ पदराखाली झाकून घ्यायच्या. सीमाताई समजावायच्या, पण स्वतःच्या मुलीचं नाव त्यांनी कधीच काढलं नाही. दवाखान्यात कित्येकांना तर त्यांना मुलगी आहे हेही ठाऊक नव्हतं.

शंभरावर बाळांचे रिपोर्ट चांगले आले. मग एका सकाळी पुण्याहून फोन आला. पाटसजवळच्या माहेरून बाळंतपणाला आलेल्या भागूच्या मुलाच्या थेंबात दोष दिसत होता. तोच आजार. बाळाचं रक्त पुन्हा तपासून लगेच गोळी सुरू करायला हवी होती. डॉक्टर म्हणाले, "गाडी दौऱ्यावर आहे, सिस्टर. उद्या आली की माणूस पाठवू."

"मी निघते, सर," सीमाताई म्हणाल्या. पदर खोचून त्या माझ्यावर बसल्यासुद्धा.

पाटसला भागूच्या माहेरी कुलूप होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "सासू आली आन् भागूला, नातवाला घिऊन गेली बघा. न्हावऱ्याच्या म्होरं त्यांची वस्ती हाय."

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे-मागे धूळ खात आम्ही चौफुल्याला आलो, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली आणि शिरूर तालुक्यात शिरलो. न्हावऱ्याच्या पुढे डांबर संपलं. माझं इंजिन तापून बंद पडलं. सीमाताईंनी पायडल मारले, मला ढकललं, तोंडावरचा घाम पुसला आणि पुन्हा पायडल मारले. "आज नको गं," त्या मला म्हणाल्या. "आज तेवढं चल." मित्रांनो, यंत्राला विनवणी कळत नाही असं म्हणतात. मी चालू झाले, एवढंच सांगते.

वस्तीवर भागूची सासू भामाबाई दारातच शेंगा फोडत बसली होती. तिचा मुलगा संपत रांजणगावच्या कंपनीत पाळीवर गेला होता. सीमाताईंनी सगळं सांगितलं. भामाबाईचा चेहरा कठीण झाला.

"माझा मल्हार आजारी? आवं, असलं गुणाचं पोर म्या बघितलं न्हाई. रडत न्हाई, का तरास न्हाई. निजलं की निजलं. तुमचा कागुद खोटा असंल, बाई."

"आजी, रडत नाही म्हणूनच आले मी."

"आता रडत न्हाई ह्यो बी रोग झाला व्हय? जावा तुम्ही. माझ्या नातवाला नाव ठिवू नका."

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. भागू बोलत होती. "आत्या, त्यो दूध वढत न्हाई. वढता वढता निजतोय. अंग बी गार लागतंय. म्या चार दिस झालं सांगतीया, कुणी ऐकत न्हाई."

सीमाताई उंबऱ्याशी खाली बसल्या. इतकी वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्या एका अनोळखी दारात बोलायला लागल्या.

"मला एक लेक आहे, आजी. अंकिता. तीपण अशीच निजायची. मीपण म्हणायचे, माझी पोर गुणाची. मी नर्स असून मला कळलं नाही. आज ती नऊ वर्षांची आहे. तिला अजून वेणी घालता येत नाही. रविवारी मी गेले की ओळखते, हसते, आणि मी निघाले की मी कुठं चाललेय ते तिला कळत नाही."

"गोळी न्हाई दिली तिला?"

"दिली. तीन वर्षांची झाल्यावर. तुमचा मल्हार अजून तीन आठवड्यांचाही नाही."

भामाबाईने पदराला हात पुसले. आत जाऊन तिने बाळाला बाहेर उजेडात आणलं. त्याचे डोळे अजून पिवळट होते, ओठांतून जीभ थोडी बाहेर आली होती. तिने त्याच्या गालाला बोट लावलं, तळपायाला गुदगुल्या केल्या. बाळ हललं नाही. तिने पुन्हा करून पाहिलं. मग ती सुनेकडे वळून एवढंच म्हणाली, "भागू, कानाला फडकं बांध. वारं लागंल."

भागू बाळाला पोटाशी धरून माझ्यावर मागे बसली. खड्डे चुकवत मी त्यांना फाट्यापर्यंत आणलं. मागून भामाबाई चालत आली. तिथे शिरूरला जाणारी वडापची, माणशी भाडं घेऊन नेणारी जीप मिळाली. सीमाताई मला बाभळीखाली लावून त्यांच्यासोबत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तिथे एकटी होते. माझ्या जवळून शेळ्या गेल्या, कंपनीच्या बसगाड्या गेल्या. काय झालं असेल ते मला कोण सांगणार?

त्या आल्या तेव्हा खूप दमल्या होत्या. माझ्या टाकीवर हात ठेवून म्हणाल्या, "सुरू झाली गं गोळी."

एवढीशी गोळी. चमच्यात चुरायची, आईच्या दुधात कालवायची आणि रोज न चुकता द्यायची. संपत पाळीवरून आला की कपडे बदलण्याआधी आईला विचारायचा, "मल्हारची गोळी दिली का?" थोड्याच दिवसांत बाळ भुकेने मोठ्याने रडायला लागलं. तेव्हा भामाबाईने म्हणे वस्तीवर साखर वाटली.

मल्हारच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही वस्तीवर गेलो. तो भिंतीला धरून उभा होता. मग भिंत सोडून तो चार पावलं चालला आणि भामाबाईच्या अंगावर पडला. सगळे हसले. सीमाताईही हसल्या. थोड्या वेळाने त्या एकट्याच बाहेर आल्या, माझं हँडल धरून उभ्या राहिल्या आणि रडल्या. मला वाटलं, आनंदाने. तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या अंकूलापण एवढीच गोळी हवी होती."

पुढे संस्थेचा तो प्रकल्प संपला आणि टिपकागद यायचे थांबले. सीमाताईंनी पुण्यात एका दवाखान्यात काम धरलं, अंकिताच्या शाळेजवळ खोली घेतली. आता त्यांना रविवारची वाट पाहावी लागत नाही. एवढ्या लांब, त्या गर्दीत मी म्हातारी काय चालणार? त्यांनी मला पुसलं आणि इथे लावलं. तसं पुसणारं त्यानंतर कोणी आलं नाही. त्यांचा मला राग नाही. त्या जिथे असायला हव्या होत्या, तिथेच गेल्या.

मित्रांनो, या शेडच्या पत्र्याला एक भोक आहे. त्यातून मला दवाखान्याचं फाटक दिसतं. रोज कोणी ना कोणी बाळाला टोपडं घालून घरी नेतं. कोणी तरी म्हणतंच, "किती शांत आहे, नाही?" आणि माझ्या गंजलेल्या हॉर्नमधून आवाज काढावासा वाटतो. तो निघत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. माझी निगा राखू नका, माझं आयुष्य झालं. पण तुमच्या घरी बाळ आलं की मोठ्यांना एवढं विचारा, "त्याच्या टाचेतला थेंब तपासला का?" तुम्ही लहान आहात म्हणून कोणी ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा विचारा. भागूचंही पहिल्यांदा कोणी ऐकलं नव्हतं.