सोजरामावशीचे पाच दगड

मला आवाज सहन होत न्हाई. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं जे केलं ते काहून केलं ते कळंल. दिवसभर शिलाई मशीनवर बसून ब्लाऊज शिवते आणि मशीन सोडून दुसरा कोणताबी आवाज माझ्या डोक्यात जातो. पोरी ब्लाऊज न्यायला आल्या आणि मोबाईलवर गाणी लावली, की त्यांचा ब्लाऊज परत दोरीवर.

आता असल्या बाईनं राहावं कुठं? तर कुरुंद्याच्या अलीकडच्या आमच्या गावात, जिथं जमीनच गुरगुरती. महिन्यातून एक-दोनदा खालून आवाज येतो. मांडणीवरची भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, मग सगळं गप. नवीन माणूस पळत सुटतं. आमी नुसतं शेजाऱ्याला विचारतो.

माझ्या भिंतीपलीकडं सोजरामावशी राहती. सत्तरीची बाई, एकटी. लेक भीमराज पुण्याला कंपनीत. आवाज झाला की ती भिंतीपाशी येऊन म्हणायची, "चंदा, ऐकलं का गं?" मी "व्हय मावशी, झाला" म्हणलं की झाला. मी "न्हाई, कुणाची तरी विहीर सुरुंगानं फोडून राहिलेत" म्हणलं की ती निवांत भाकरी थापायला परत. स्वतःच्या कानापेक्षा माझ्या कानावर तिचा भरवसा. मला त्याचा थोडा तोराबी होता, खोटं काहून बोलू.

उन्हाळ्याच्या तोंडाला तहसीलचा माणूस आला आणि सांगून गेला, पत्र्यावरचे दगड उतरवा. आमच्याकडं पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवायची रीत हाय. तो म्हणला, धक्का बसला की हेच दगड डोक्यात पडतील, पत्रे बोल्टनं आवळून घ्या. अर्ध्या गावानं माना हलवल्या आणि घरी जाऊन झोपलं. मावशीनं मात्र दुसऱ्याच दिवशी काम काढलं. माझं घर स्लॅबचं, तिचा पत्रा माझ्या स्लॅबला लागूनच, हात पुरंल इतका. माझ्याच जिन्यानं ती वर गेली आणि पाच दगड एकेक करून घमेल्यात खाली आणले. माझ्याच जिन्याखाली रचून ठेवले. मी मशीनवरून बघत होते. दुसऱ्या कुणी पाहिलं न्हाई.

बोल्ट काही बसले न्हाईत. "भीमराज आला की बसवंल," मावशी म्हणायची. भीमराजला सुट्टी मिळंना. आणि दुपारचं वारं सुटलं की तिच्या पत्र्याचं टोक उचलायचं आणि आपटायचं. धाड. जरा थांबायचं, मला वाटायचं संपलं, की परत धाड. आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी लग्नाच्या ऑर्डरचे ब्लाऊज हातात होते, पत्रा आपटला, मी दचकले आणि सुई बोटात गेली. नवरीच्या पिवळ्या कापडावर रक्ताचा डाग पडला.

मावशी कुरुंद्याच्या बाजाराला गेलेली. मी तणतणत उठले, जिन्याखालचे पाचही दगड वर नेले आणि जिथल्या तिथं ठेवून दिले. भीमराज यायच्या आधी उतरवीन, असं मनाशी म्हणले. मावशीला सांगितलं असतं तर तिनं तहसीलचं पुराण लावलं असतं, म्हणून सांगितलं न्हाई. संध्याकाळी ती म्हणली, "वारं पडलं वाटतं आज. पत्रा गप हाय." मी म्हणले, "व्हय मावशी, पडलं." खालून पत्र्यावरचं काही दिसत न्हाई. आणि मग मी विसरूनच गेले.

आषाढात एका सकाळी मी चहा टाकत होते. नेहमीसारखा आवाज आला, पण त्याच्याबराबर जमीनबी हलली. पातेल्यातला चहा काठावरून सांडला. मी बाहेर पळाले. पलीकडं मावशीबी तहसीलच्या माणसानं शिकवल्याप्रमाणं दारातून बाहेर आली आणि तेवढ्यात पत्र्यावरून दगड घरंगळला. तिच्या खांद्यावर पडला. वीतभर इकडं असती तर डोकंच होतं. ती उंबऱ्यावर बसली, दगडाकडं बघत राहिली आणि म्हणली, "हा कुठून आला?"

दगड बघितल्यावर मला आठवलं.

वसमतच्या दवाखान्यात तिला प्लास्टर घातलं. चार दिवसांनी नांदेडच्या एका कॉलेजातले अनिरुद्ध सर गावात आले, धक्के मोजायचं यंत्र बसवायला. पारावर बसून त्यांनी साध्या भाषेत समजावलं. खाली खडकाला भेगा हायत, त्या हळूहळू सरकतात, सरकताना आवाज होतो, कधी धक्का बसतो. "हा धक्का लहान होता," ते म्हणले. "गावातली एक भिंत पडली नाही. तो दगड वर नसता तर या आजींना खरचटलंही नसतं."

सगळे मावशीकडं बघू लागले. ती गळ्यातल्या पट्ट्यात हात अडकवून बसली होती. "म्या काढले होते दगड," ती म्हणली. "पाची."

"मग काय भूकंपानं परत वर चढवले का?" समोरची मिना म्हणली, आणि लोक हसले. मीबी हसले. हे सांगताना लाज वाटती, पण हसले.

भीमराज आला तो तिला न्यायच्याच तयारीनं. पोरगं वाईट न्हाई, घाबरलं होतं. "चंदाकाकू, आई विसरायला लागली हो. दगड काढले म्हणती आणि दगड वर. उद्या गॅस चालू ठेवंल. घर बंद करतो, चाव्या तुमच्याकडं देतो." मी म्हणले, "तुझी मर्जी, बाबा." त्याच दुपारी मावशी भिंतीपाशी आली. नेहमीच्याच आवाजात विचारलं, "चंदा, तू तर होतीस. म्या काढले होते ना गं दगड?"

मला एवढंच म्हणायचं होतं, व्हय मावशी. ते शब्द मी तिला हजार वेळा म्हणले असतील. पण मग पुढचं सांगावं लागलं असतं. मी म्हणले, "ध्यानात न्हाई मावशी. वय झालं की होतं असं."

तिनं मान हलवली. "व्हय, होत असंल," म्हणली. हळू चालत आत गेली.

त्यानंतर ती स्वतःची परीक्षा घ्यायला लागली. भाजीत मीठ टाकलं का, हे मिनाला बोलावून चाखायला लावी. दाराला कडी घालून परत जाऊन बघी. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाची... न्हाई, त्यांच्या बौद्धांत श्राद्ध न्हाई, पुण्यानुमोदनाची तारीख भीमराजला तीनदा विचारली, आणि तिन्ही वेळा तिची तिला बराबर ठाऊक होती. धडधाकट बाईचं डोकं मी हातानं बिघडवून राहिले होते. माझी भाकरी गोड लागंना. मशीनवर बसले की सुई जिथं टोचली होती तिथंच नजर जाई.

जायच्या दिवशी गाडी दारात आली. गाठोडं, बाबासाहेबांचा फोटो, शेगडी. मावशीनं चाव्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणली, "तुळस न्हाई माझ्या दारात, पण जास्वंदीला पाणी घाल. म्या सांगितलं होतं का आधी? सांगितलं असंल तर माफ कर, ध्यानात राहत न्हाई."

तिनं आधी सांगितलं नव्हतं. मला राहवलं न्हाई.

"दगड म्या ठेवले," मी म्हणले. "भीमराज, तुझ्या आईनं पाची काढले होते. पत्रा वाजायचा, माझं डोकं उठायचं, ती बाजाराला गेल्यावर म्या परत ठेवले. तिचं डोकं शाबूत हाय. माझंच ठिकाणावर नव्हतं."

भीमराज कपाळाला हात लावून गाडीला टेकला. मावशी मात्र हसली. इतक्या दिवसांनी दात दिसले तिचे. "बघ," ती लेकाला म्हणली, "म्या काढले होते. उतरव ते गाठोडं." मग माझ्याकडं वळली. मी हात जोडले होते.

"रागाच्या भरात ठेवले, ते असू दे," ती म्हणली. "खांदा जुळंल. पण म्या तुला विचारलं होतं, चंदा."

एवढंच बोलली. माझ्या हातातल्या चाव्या घेतल्या आणि कुलूप काढलं.

भीमराजनं दोन दिवस राहून बोल्ट बसवले. आता पत्रा वाजत न्हाई. मावशी वाटीभर भाजी देती, मी तिचं पोलकं शिवते, पैशाचं नाव काढत न्हाई. बोलणं हाय, अबोला न्हाई.

परवा दुपारी जमीन गुरगुरली. भांडी वाजली, कुत्री भुंकली. मी मशीन सोडून भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. मावशी अंगणात आली. तिनं मला पाहिलं. मग रस्त्याच्या कडंला गेली आणि समोरच्या घराकडं तोंड करून हाक मारली, "मिना, ऐकलं का गं?"