हिरवी खूण

जेवणाची सुट्टी संपून पाच मिनिटं झाली नाहीत तोच गंधालीचं डोकं फिरलं. मरोळच्या त्या ऑफिसात हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. तिथला नियम साधा होता: दोघांच्या ब्रँच, म्हणजे दोघांनी वेगवेगळा लिहिलेला कोड, मर्ज करून एकत्र जोडायचा, तर आधी काय बदलणार ते दाखवणारा प्रीव्ह्यू उघडायचा आणि दोघांनी शेजारी बसून बघायचा. प्रीतमने प्रीव्ह्यू बघणं डबा खाता खाता एकट्यानेच उरकलं होतं.

"हिरवी खूण आलीय, कुठे अडत नाहीये," तो म्हणाला. "मर्ज करतो. चारला हॉस्पिटलला द्यायचंय ना."

"थांब. मला बघू दे."

तिने प्रीव्ह्यू खाली सरकवला. प्रीतमच्या नव्या स्क्रीनच्या हिरव्या ओळी, आणि मधेच लाल रंगात एक्केचाळीस ओळी उडवलेल्या. तिच्या. पेशंटला ज्या औषधाची ॲलर्जी आहे तेच कुणी लिहिलं, तर अडवणाऱ्या. दीड महिना तिने त्यांच्यात घातला होता.

"या कुठे गेल्या रे?"

"आपण दोघांनी एकच फाइल बदललेली. झंझट नको म्हणून सगळीकडे माझंच ठेवलं. सोमवारी घाल ना परत."

झंझट नको म्हणे! दुसऱ्याचं पुसून टाकलं की झंझट उरतेच कुठे? चोर तो चोर, वर शिरजोर.

"सोमवारपर्यंत हॉस्पिटल बंद ठेवणारेत?"

"तीन दिवसांत काय होतंय यार?"

त्यांच्या प्रीव्ह्यूत मर्जनंतरचं ॲप चालवूनही बघता यायचं. गंधालीने कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. "पेशंट नंबर सात उघड."

चाचणीसाठी खोटे पेशंट लागत, आणि प्रत्येकाने आळसापोटी घरच्यांचीच माहिती भरली होती. सात नंबर प्रीतमचा: विमला, वय एकसष्ट, वाकोला, पेनिसिलिनची ॲलर्जी. गेल्या वर्षी एका इंजेक्शनने आईचा घसा सुजला, तेव्हा तो याच खुर्चीत फोन धरून रडला होता.

"पेनिसिलिन लिही."

"गंधाली, पुरे ना."

"लिही."

त्याने लिहिलं. ॲप क्षणभरही अडलं नाही. 'औषध नोंदवले. नर्सकडे पाठवले.' शेजारी हिरवी खूण.

खोट्या पेशंटचं ते औषध प्रीतमने आधी खोडलं, खोडलं गेलं का ते दोनदा पाहिलं, आणि मग शेजारची खुर्ची ओढून तिला दिली.