मानेवरची बोटं

धाकटीने सलूनच्या दारातच गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडला आणि ताईच्या हातातली कात्री खाली पडली. खुर्चीतल्या बाईंचे अर्धे केस कापून झाले होते, अर्धे तसेच.

धाकटीच्या मानेवर बोटं उमटली होती. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला अंगठा. लालभडक, सुजलेली, मधे पाण्याने टरारलेले फोड.

"कुणी केलं हे?"

"कुणी नाही गं. काल नुसतं लाल होतं, आज उठले तर हे असं. आग आग होतेय."

कुणी नाही! ताईच्या डोक्यात तिडीक गेली. मागच्याच आठवड्यात धाकटीचं नवऱ्याशी कडाक्याचं वाजलं होतं. तेवढ्यात तिचा नवरा गाडी लावून आत आला, हातात किल्ली तशीच. "ताई, निदान तुम्ही तरी हिला सांगा, डॉक्टरकडे..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. ताईने त्याच्या कानाखाली फाडकन वाजवली.

त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. "अगं ताई, वेड लागलंय का तुला?" धाकटी ओरडली. पण ताईने कुणाचं ऐकलं नाही. धाकटीला ओढतच ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तो मागून आला आणि बाहेरच्या बाकावर बसला.

डॉक्टरीणबाईंनी भिंग धरून मान पाहिली. "उन्हात काम करता?"

"रस्त्यावर पांढरे पट्टे मारते. दिवसभर उन्हातच."

"मानेला काही लावलं होतं?"

"परवा मान आखडली होती. ताईने त्याच सकाळी तेल चोळून दिलं आणि मी तशीच कामावर गेले."

"कसलं तेल?"

ताईच मधे बोलली. "लिंबाच्या सालीचं. सुगंधी. अगदी अस्सल आहे, भेसळ नाही."

"नुसतंच लावलंत? कशात न मिसळता?"

"हो. जास्त गुण यावा म्हणून."

"अहो, ही तेलं फार जहाल असतात. साध्या तेलात थेंब-दोन थेंब घालून लावायची. आणि लिंबाचं हे तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजून निघते. हा मार नाही, भाजलंय. जिथे तेल लागलं तिथेच."

ताईला पटेना. तिने हात उचलला आणि न टेकवता धाकटीच्या मानेवर धरला. चार बोटं चार पट्ट्यांवर, अंगठा अंगठ्यावर.

बाहेर येऊन ती बाकापाशी उभी राहिली. "माझं चुकलं. माझ्याच हाताने..."

त्याने मान वर केली. "थपडेचं काही नाही, ताई. पण इतक्या वर्षांत तुम्हाला मी असा वाटलो?"



फोड बसले, तपकिरी डाग मात्र कितीतरी महिने राहिले. सलूनमध्ये आता ताई कुणाला तेल लावायच्या आधी उन्हाचं विचारते, मिसळून घेते, थोडंसं मनगटावर लावून वाट बघते. गिऱ्हाइकं कंटाळतात, कंटाळू देत.

तो अजूनही धाकटीला सोडायला येतो, पण गाडीवरच बसून राहतो. ताई चहा बाहेर नेऊन देते. तो घेतो, कप परत देतो. आत या म्हणायचं रोज तिच्या ओठांवर येतं आणि तिथेच अडतं.