कानसेनचे बारा दिवे

"मास्तर, दिवे झकास नाचतात, पण हा पठ्ठ्या तोंडातून ब्र काढत नाही."

रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं हातातला व्हिडिओ गेम काउंटरवर ठेवला. शेवटचे शब्द तो दारात उभ्या केलेल्या गाडीकडे मान वळवून बोलला, त्यामुळे दुरुस्तीवाल्या मास्तरांच्या वाट्याला पहिलं अर्धंच वाक्य आलं.

"नाचणारच," मास्तर खुशीत म्हणाले. "डावीकडे सहा, उजवीकडे सहा. आवाज चढला की दिवे चढतात, उतरला की उतरतात. खेळा निवांत."

ड्रायव्हर हसला. "गरिबाची चेष्टा करता होय?"

मास्तरही हसले. समोरचा हसला की आपणही हसायचं, ही युक्ती त्यांना दोन वर्षांत चांगली जमली होती.

गल्लीत त्यांना कानसेन म्हणत, आणि ते नाव काही कुणी फुकट दिलेलं नव्हतं. बंद पडायला आलेला रेडिओ नुसता कानाशी धरायचा आणि झाकण न उघडता आत काय बिघडलंय ते सांगायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा लौकिक. लोक दुरुस्तीपेक्षा ते बघायलाच थांबत. मग दोन वर्षांपूर्वी बारीक आवाज गळायला लागले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पाठमोऱ्या माणसाचं बोलणं. डोळ्यांना चष्मा लागला म्हणून कुणी नावं ठेवत नाही, पण कानसेनचेच कान गेले म्हटल्यावर दुकानात राहिलं काय? लोक दोन दिवस हळहळतील आणि तिसऱ्या दिवशी दुसरं दुकान गाठतील, ही धास्ती त्यांच्या मनात घर करून बसली होती.

म्हणून त्यांनी टेबलावर दिव्यांची एक पट्टी बसवली. दुरुस्त केलेल्या वस्तूची तार तिला जोडायची. दिवे हलले की आवाज येतोय, असं समजायचं. कुणी विचारलंच तर "असंच, गंमत म्हणून" असं सांगायचं. अकरा वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या धाकट्या बहिणीलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

ती गंमत या ड्रायव्हरच्या डोळ्यांत भरली. दोन फेऱ्यांच्या मध्ये तो गाडीत तासन्‌तास बसून गेम खेळे. "माझ्या गेमला हे बसवाच. तेवढीच आमच्या गाडीत रोषणाई," म्हणून हटून बसला. नाही म्हणायला कारण सापडेना. मास्तर तीन दिवस त्या खेळण्याशी झटले. आत बॅटरीशेजारी नखाएवढी जागा, त्यात केसासारख्या तारा. पण काम असं देखणं झालं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. गेम न्यायला ड्रायव्हर आला त्या दिवशी बहीण दाढ काढायला गेली होती. मास्तरांनी झाकण लावलं, बटण दाबलं, बाराही दिवे नाचले. बाहेर गाडीचं इंजिन चालूच होतं. ड्रायव्हर घाईनं गेम घेऊन निघून गेला.

आता बहिणीनं तो गेम उचलला, चालू केला आणि कानाशी नेला. दिवे वरखाली होत होते. तिनं भावाकडे तोंड केलं आणि सावकाश म्हणाली, "दादा, यात आवाज नाहीये."

मास्तरांचं हसू तिथंच विरलं. त्यांनी झाकण उघडलं. चूक समोरच होती. झाकण लावताना स्पीकरची तार स्क्रूखाली चेंगरून तुटली होती. दिव्यांची तार त्यांनी स्पीकरच्या अलीकडून घेतली होती, त्यामुळे दिव्यांना आवाजाची खबर मिळत होती आणि स्पीकरला नव्हती. कालच पेचकस धरायला शिकलेल्या माणसानंही कान लावला असता तर त्याला कळलं असतं.

"पण मास्तर, देताना तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" ड्रायव्हरनं विचारलं. "तुम्ही तर कानसेन."

"माझी चूक आहे ती," बहीण घाईघाईनं मध्ये पडली. "देण्याआधी सगळं मीच ऐकून बघते. त्या दिवशी मेली दाढ नडली, नाहीतर..."

तिनं जीभ चावली. पण तिचं तोंड भावाकडेच होतं. हल्ली ती नेहमी त्याच्याकडे तोंड करूनच बोलायची, आणि मास्तरांना शब्द न्‌ शब्द कळला.

दादा, याचा स्क्रू ढिला वाटतो, परत बघतोस? दादा, याचं बटण अडकतंय बहुतेक. दुरुस्त करून दिलेल्या कितीतरी वस्तू तिनं अशा काहीबाही निमित्तानं त्यांच्या टेबलावर परत आणून ठेवल्या होत्या. बाई उगीच किटकिट करते म्हणून ते तिच्यावर खेकसलेही होते. तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी तार सोल्डर केली. या खेपेला ती स्क्रूपासून लांबून फिरवली. झाकण लावून बटण दाबलं, तसे दिवे नाचायला लागले. "तार तुटली होती, झालं काम," एवढं म्हणून विषय मिटला असता. ड्रायव्हरनं तर हातही पुढे केला होता.

"मला ऐकू कमी येतं," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं झाली. टेबलावरची ती पट्टी त्यासाठीच आहे, गंमत वगैरे काही नाही."

ड्रायव्हरनं हात मागे घेतला. आधी पट्टीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"मग सांगायचं नाही का आधी?" तो म्हणाला. "माझाही एक कान सायरननं कामातून गेलाय. मी बायकोला सरळ सांगून टाकलंय, भांडायचं तर उजवीकडून भांड."

मास्तरांनी गेम त्याला दिला नाही. काउंटरवरून तो बहिणीपुढे धरला.

"धर. नीट ऐक आणि मला सांग."

आजवर हे काम ती मागच्या पडद्याआड जाऊन करत आली होती. सवयीनं ती तिकडे वळली, मग थांबली आणि परत फिरली. पदराला हात पुसून तिनं तिथंच, गिऱ्हाइकासमोर, गेम कानाला लावला.

तिच्या गालाशी दिवे वरखाली होत होते. मास्तर त्यांच्याकडे बघत नव्हते. ते बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत उभे होते.