बापूरावांच्या बंदुकीचा रंग

२०२३ साल. दिवाळी सरून तुळशीची लग्नं लागत होती आणि कसबा पेठेतल्या श्यामलाबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. थोरल्या मुलाने धाकट्याला चोर ठरवलं होतं, आणि खरंखोटं अडलं होतं एका बंदुकीवरच्या रंगापाशी.

बंदूक त्यांच्या यजमानांची, बापूरावांची. विलायती, दोन नळ्यांची, वडिलांकडून आलेली. बापूरावांनी उभ्या जन्मात तिने एक चिमणीही मारली नाही. मंडईत वांगी निवडतानासुद्धा देठाला दुखू नये अशा बेताने हात लावणारा माणूस तो. बंदूक कपाटातून बाहेर यायची ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पाटावर मांडून पूजेपुरती.

बापूराव गेले तेव्हा कायद्याप्रमाणे बंदूक हत्यारांच्या परवानाधारक दुकानात जमा करावी लागली. थोरला दत्तप्रसाद नागपूरला, म्हणून धाकट्या सौमित्रने ती नेऊन दिली. पुढे परवाना आपल्या नावावर करून घ्यायला दत्तप्रसाद पुण्याला आला, दुकानात बंदूक हातात घेतली आणि तिथल्या तिथे म्हणाला, "ही बाबांची नाही."

घरी आल्यावर नुसता भडका उडाला.

"बाबांच्या बंदुकीच्या लोखंडावर रंग होते. निळे, जांभळे, मोराच्या मानेसारखे. लहानपणी मी बघत बसायचो. ही तव्यासारखी काळी!"

"दादा, नंबर परवान्याशी जुळतोय."

"दुसऱ्या बंदुकीचा नंबर घासून काढायचा, बाबांचा ठोकायचा आणि चोरी झाकायला वरून काळं फासायचं. नागपूरला राहतो म्हणून डोळे तिकडे ठेवून येत नाही मी."

"मग जा पोलिसांत. चहा घेऊन जातोस की तिथेच पाजतील?"

सौमित्रची जीभ अशी. तो एका कॉलेजच्या कचेरीत नोकरीला. हत्यार बदलल्याचा गुन्हा नावावर लागला असता तर नोकरी जाऊन तुरुंगच दिसला असता. शेवटी ठरलं की जाणकाराला दाखवायचं. रंग मूळचा निघाला तर नंबराला कुणी हात लावलेला नाही, विषय संपला. रंग मागाहून चढवलेला निघाला तर दत्तप्रसाद तिथून थेट पोलीस ठाण्यात जाणार.

श्यामलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पोटच्या पोराला पोटच्या पोराने बेड्या घालायच्या, हे बघायला का मागे राहिलो आपण? त्या हट्टाने दोघांबरोबर गेल्या.

जाणकार म्हणजे भाग्यश्री नावाची चाळिशीची बाई. संग्रहालयातली जुनी हत्यारं सांभाळायचं तिचं काम. दुकानाच्या मागच्या खोलीत टेबलावर पांढरं फडकं अंथरून तिने बंदूक ठेवली आणि आधी विचारलं, "घरात हिला कधी कुणी घासलंपुसलं, रंग दिला? आत्ताच सांगा. म्हणजे मला उगाच डोळे फोडायला नकोत."

दोन्ही मुलांनी आईकडे पाहिलं.

श्यामलाबाईंना एवढंच कळत होतं, की हात लागलेला निघाला तर सौमित्र बुडाला. त्या घाईघाईने म्हणाल्या, "छे हो! कुणी बोट लावलं नाही. होती तश्शी आहे."

हे साफ खोटं होतं. सासूबाई असेपर्यंत नवमीला बंदुकीला नुसतं तेलाचं बोट लागायचं. त्या गेल्या आणि पूजेची तयारी श्यामलाबाईंकडे आली. दत्तप्रसाद तेव्हा नागपूरला शिकायला गेलेला, तो पुढे तिथलाच झाला आणि नवमीला कधी घरी नसायचा; सौमित्र अगदी लहान. समया, ताम्हन, पळी लखलखीत झालेली आणि शेजारी ही डागाळलेली बंदूक! दूध करपल्यावर पातेल्याला येतात तसले निळेजांभळे डाग. त्यांनी पदर खोचला, चिंच आणि विटेची पूड घेतली आणि घासायला बसल्या. दर नवमीला, आणि एरवीही डाग दिसला की. काही वर्षांत बंदूक चांदीसारखी पांढरी झाली आणि मग गंजू लागली. बापूराव चिडले नाहीत. कुठूनशी काळी करून आणली आणि म्हणाले, "आता हिला फक्त फूल वाहत जा." सौमित्र तेव्हाही पोरवयाचा, नवमीला त्याचं सगळं लक्ष श्रीखंडात. त्याला ती काळीच आठवत होती.

भाग्यश्रीने बॅटरीचा झोत पाडला, डोळ्याला भिंग लावलं. नक्षी बोटभर बोटभर तपासत गेली. मग ती म्हणाली, "हा रंग मूळचा नाही."

श्यामलाबाईंनी टेबलाची कड धरली.

"मूळचा रंग असता तर नक्षीच्या उंचवट्यावर उडाला असता आणि खाचेत राहिला असता. इथे या कोरलेल्या तित्तराचे पंखच झिजून गेलेत, आणि झिजलेल्या पंखांवर रंग शाबूत आहे. म्हणजे आधी झीज, मग रंग."

"झालं!" दत्तप्रसाद उभा राहिला. "आईच म्हणतेय कुणी बोट लावलं नाही. मग घरातून इथे येईपर्यंत कुणाच्या ताब्यात होती? ह्याच्या!"

सौमित्रचा चेहरा उतरला.

"दत्ता, थांब. मी घासली रे. चिंचेने. तू नागपूरला होतास. मग ह्यांनी काळी करून आणली."

"आत्ता आठवलं? इतके दिवस तोंडात गुळणी धरली होतीस?"

"मला वाटलं, सांगितलं तर तुझंच खरं होईल..."

"आई, धाकट्यासाठी तू काहीही बोलशील. लहानपणापासून बघतोय."

"तुझ्या पाया पडते, दत्ता." आणि त्या खरोखरच वाकू लागल्या.

"पाया पडून पुरावा होत नाही." तो मागे सरकला आणि त्याने खिशातून मोबाइल काढला.

"तमाशा बाहेर जाऊन करा, इथे मला काम आहे," भाग्यश्री म्हणाली. मग श्यामलाबाईंकडे वळली. "आजी, एकदा खोटं बोललात, ते मी ऐकलं. आता बोलू नका. कशी घासायचात ते करून दाखवा."

रिकामी बंदूक तिने त्यांच्या हातात दिली. श्यामलाबाई खुर्चीवरून उठून खालीच बसल्या. खुर्चीत बसून त्यांना ते जमलंच नसतं. मागचा लाकडी दस्ता डाव्या काखेत दाबला, उजव्या हातात फडकं घेतलं. हात आपोआप चालू लागला. अंगठा जोर देत होता, लहान लहान वेटोळी. चापाशी आल्यावर हाताला जागा मिळेना, तेव्हा मागच्या अरुंद पट्टीवरून तो तिरका खाली उतरला. डोळ्यांतलं पाणी फडक्यावर पडत होतं तरी हात थांबला नाही.

"पुरे." भाग्यश्रीने बंदूक परत घेतली आणि पुन्हा भिंग लावलं.

"या बाजूला झीज जास्त आहे, दुसऱ्या बाजूला कमी. अंगठ्याखाली खळगा पडलाय. काळ्या रंगाखाली वेटोळे ओरखडे आहेत. आता इथे बघा, दत्तप्रसाद. नंबर या मागच्या पट्टीवर आहे. तो नवा ठोकला असता तर आकडे खणखणीत दिसले असते आणि ओरखडे त्यांच्या खाली गेले असते. इथे तेच तिरके ओरखडे आकड्यांवरून गेलेत, आकडेही नक्षीइतकेच झिजलेत. नंबर आधीचा, घासणं नंतरचं, रंग सगळ्यात शेवटी. बंदूक तीच आहे."

दत्तप्रसाद भिंगातून पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ते मोराचे रंग..."

"घडवतानाच मुद्दाम आणतात ते. लोखंड हाडाच्या कोळशात पुरून भट्टीत तापवतात."

"मला ते डाग वाटले रे," श्यामलाबाई म्हणाल्या.

"डागच ते," सौमित्र उठत म्हणाला. "आमच्यावर लागलेले तेवढे निघाले नाहीत." भावाकडे न बघता तो बाहेर गेला. दत्तप्रसाद दारापर्यंत गेला आणि तिथूनच मागे फिरला.

पोलिसांत कुणी गेलं नाही. दत्तप्रसादने परवान्याचा अर्ज मागे घेतला आणि पुढच्या वर्षी बंदूक सरकारजमा केली. तो निवृत्त झालाय, नागपूरलाच असतो. सौमित्रची नोकरी शाबूत आहे, तो आता हेडक्लार्क आहे. बापूरावांच्या श्राद्धाला दोघे येतात, एकाच पंगतीत बसतात आणि मीठ हवं असलं तर वाढणाऱ्याकडे मागतात. भाग्यश्री बडोद्याला गेली, असं दुकानाचे मालक सांगत होते. त्यांनी बंदुकांचा धंदा मुलाकडे सोपवलाय.

श्यामलाबाईंना दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. दत्तप्रसाद दर रविवारी फोन करतो. सौमित्र तर घरातच असतो. दोघांपैकी एकही दुसऱ्याबद्दल विचारत नाही. कुणी न विचारता त्या मात्र याला त्याची खुशाली सांगतात आणि त्याला याची, आणि पलीकडून नुसता "हं" आला तरी पुढचं सांगत राहतात.