आधीच्या भाडेकरूंचा पेंग्विन

मी एक जुना पेंग्विन आहे, मित्रांनो. बर्फातला नव्हे, चिनी मातीचा, वाइन ओतायचा. पोट मोठं, चोचीतून धार, पाठीला धरायचा कान. आमच्या रोसारिओ शहरात एके काळी माझ्यासारखे घरोघरी होते. आता थोडेच उरलोत, आणि खरं सांगू, मीही थकलोय.

कुंभाराने मला साच्यातून काढलं, भट्टीत भाजलं. बस दुरुस्त करणाऱ्या आन्सेल्मोने जत्रेतून मला नव्या नवरीसाठी आणलं. एर्सिलिया तेव्हा किती हसली होती! मग वर्षानुवर्षं रविवारच्या जेवणाला मी टेबलाच्या मधोमध उभा असे. माझ्यातून लाल वाइन, वर सोडा, आणि "पेंग्विनला उलटी झाली!" म्हणून पोरांचा गलका. फार सुख वाटायचं.

पुढे एर्सिलिया मुख्याध्यापिका झाली. मोठी माणसं जेवायला येऊ लागली. काचेची सुरई आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. कपाटाला काच होती, म्हणून निदान दिसायचं तरी.

आज शिक्षणखात्याचे डॉक्टर किरोगा सपत्नीक यायचे होते. एर्सिलिया सकाळपासून बजावत होती, "सोडा मागू नकोस. पाव रश्शात बुडवू नकोस. आणि देवाशप्पथ, बसच्या गोष्टी नकोत."

"श्वास घेतला तर चालेल ना?" आन्सेल्मोने विचारलं. ती हसली नाही.

सुरईला कान नाही. आन्सेल्मोने ती कशीबशी मानेला धरली आणि तळहात उताणा करून पाहुण्यांच्या पेल्यात ओतू लागला. आमच्याकडे असं ओतणं म्हणजे समोरच्याचं वाईट चिंतणं. डॉक्टरांनी पेल्यावर हात ठेवला.

"माफ करा हं," एर्सिलिया ओशाळून म्हणाली, "याला चारचौघांत बसायची सवय नाही."

डॉक्टरांच्या बायकोने सावरून घेतलं. "अहो, तो पेंग्विन काढा ना! त्याला कान आहे, ओतायला सोपा. कुणाचा हो?"

"तो? आधीच्या भाडेकरूंचा. राहून गेलाय इथेच," एर्सिलिया घाईने म्हणाली.

भट्टीतही मला एवढं भाजलं नव्हतं. मी आन्सेल्मोकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"हो, त्यांचाच," तो म्हणाला. बायकोची लाज राखली त्याने. मग जेवण संपेपर्यंत तो कोरडाच पाव चावत राहिला.

पाहुणे गेले. एर्सिलियाने मला काढलं, धुतलं, वाइन भरली आणि सोड्यासकट त्याच्यापुढे ठेवलं. "घे ना रे. चुकलंच माझं."

तो उठला. "नको. लोकांची वस्तू आहे. त्यांना न विचारता कशी घ्यायची?"

मित्रांनो, ती अजून माझ्यासमोर बसली आहे. एवढंच मागतो, पाहुण्यांपुढे घरच्या माणसाला परकं करू नका. माझं काय, धुतलं की झालं. आतल्या खोलीत गेलेल्या त्या माणसाला काय म्हणून हाक मारावी, हे मात्र तिला अजून सुचलेलं नाही.