झाकणाच्या आतली खूण

जहाजावर चढताना तपासणीच्या टेबलाशी रांग अडली ती घड्याळकाकांमुळे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून बोटभर लांबीचं, बोथट पात्याचं एक अवजार निघालं. तिघांनी ते आलटून पालटून पाहिलं.

"हे कशासाठी, आजोबा?"

"घड्याळाचं मागचं झाकण उघडायला."

"सुट्टीवर निघालात ना? मग दुकान कशाला खिशात?"

"चाळीस वर्षं तिथेच आहे हो. काढून ठेवलं तर सदरा एका बाजूला हलका लागतो."

तपासणारा हसला आणि त्याने ते परत दिलं. मागे उभी असलेली लेक मात्र हसली नाही. "घरी ठेवलं असतंत तर काही बिघडलं असतं का, बाबा?" एवढंच म्हणाली आणि दोन्ही बॅगा उचलून पुढे झाली.

घड्याळकाकांचं छोटंसं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. गल्लीतली सगळी मनगटं त्यांच्या ओळखीची. त्यांचा धाकटा, घरातला बारक्या, याच जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी, नाश्ता करून कामावर उतरला आणि पहिल्याच पाळीत हृदय बंद पडून गेला. चौतिसावं वर्ष चालू होतं. कळवणाऱ्या पत्राखाली कॅप्टनची सही होती. काकांनी पत्र किती वेळा वाचलं याची गणती नाही. घडीवर ते फाटायला आलं होतं. जायचं तर याच जहाजाने आणि तोच कॅप्टन असताना, हा त्यांचा हट्ट होता. बारक्याची जागा बघायची असेल म्हाताऱ्याला, असं लेकीला वाटलं. तिने शाळेतून आठ दिवसांची रजा काढली आणि ती बरोबर आली.

खरं काय ते काकांनी तिला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी केबिनच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकली. दुपारी चार वाजता मोठ्या दालनात कॅप्टनबरोबर चहा, ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी यावं.

"चल," काका म्हणाले.

"तुम्ही जा. तो किती गुणी होता, किती हसरा होता, हे मला परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचं नाही." तिने पुस्तकात मान घातली. मग पानावरची नजर न काढता म्हणाली, "गुणी मुलाला शेवटच्या रविवारी आईला फोन करायला जमलं नाही. आई जाईपर्यंत तेच म्हणत होती."

काका उठले. खिसा चाचपला आणि निघाले.

दालन भरलं होतं. कॅप्टन साठीच्या आसपासचा, उंच, पण बोलायला मोकळा. पुढच्या रांगेतल्या एक बाई लाडू चोरताना पकडल्यासारखा चेहरा करून उभ्या राहिल्या. "कॅप्टनसाहेब, तुम्ही इथे चहा पिताय, मग आत्ता जहाज कोण चालवतंय?"

कॅप्टनने दचकून खिडकीबाहेर पाहिलं. "अरे देवा!" सगळे हसले. "हा प्रश्न मला प्रत्येक सफरीत येतो, बाई. आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. वर माझे दोन अधिकारी आहेत, आणि ते माझ्यापेक्षा नीट चालवतात."

एका चिमुरडीने विचारलं, "तुम्हाला पोहता येतं?"

"येतं. पण ते वापरायची वेळ येऊ नये म्हणूनच मला पगार देतात."

मग जाता जाता तो म्हणाला, "आणि हो, आपण पश्चिमेकडे निघालोय. आज रात्री सगळ्यांनी आपली घड्याळं एक तास मागे घ्या. तासभर जास्त झोप. जहाजाकडून भेट समजा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी कप अर्धाच ठेवून बशी बाजूला सारली.

पांगापांग होईपर्यंत ते खुर्चीतच बसून राहिले. कॅप्टन टोपी उचलून निघाला तेव्हा उठले, समोर गेले आणि बारक्याचं नाव सांगितलं.

कॅप्टनने टोपी परत टेबलावर ठेवली. "तुम्ही वडील?"

"हो."

"बसा. बसा ना." त्याने स्वतः खुर्ची ओढून दिली. "या जहाजावर नऊशे माणसं काम करतात. खोटं कशाला बोलू, सगळे चेहरे लक्षात राहत नाहीत. हा राहिला. सगळ्यांची घड्याळं दुरुस्त करायचा. जेवणाच्या टेबलावर रुमाल अंथरून बसायचा."

"रुमाल पांढरा?"

"पांढराच."

"काळ्या कापडावर बारीक स्क्रू हरवतात," काका म्हणाले. "मला एक विचारायचंय, साहेब. पण आधी मला माझं सांगावं लागेल."

आणि दोन वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते त्यांनी त्या परक्या माणसाला सांगितलं.

दुकानात भिंतीवर एक घड्याळ त्यांनी जहाजाच्या वेळेवर लावून ठेवलं होतं. बारक्या सांगायचा, आमची वेळ आता एक तास मागे, आता एक तास पुढे. तसतसे काका काटे फिरवायचे. दर रविवारी जहाजाच्या वेळेनुसार चार वाजता त्याचा फोन यायचा. फोनमध्ये लोहचुंबक असतो, तो घड्याळाच्या केसासारख्या स्प्रिंगला बाधतो आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. म्हणून काका आपला फोन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या डब्यात ठेवत, आणि भिंतीवर चारला पाच मिनिटं कमी असताना काढत. बायको जिना उतरून यायची आणि स्टुलावर बसायची.

त्या आठवड्यात बारक्याने सांगून ठेवलं होतं, शनिवारी रात्री वेळ एक तास मागे जाणार. काकांनी शनिवारी काटे फिरवले. एक तास पुढे.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं लावतोय मी," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होतो. लक्ष नव्हतं."

रविवारी भिंतीवर चार वाजले. दोघं वाट बघत बसली. सव्वाचार झाले, पावणेपाच झाले. बायको म्हणाली, "विसरला वाटतं," आणि गुडघे धरत वर गेली. काकांना राग आला. वेळ पाळायला आपणच शिकवलं आणि हा असा. त्यांनी फोनचा आवाज बंद केला, तो डब्यात टाकला आणि झाकण दाबलं. दुकान बंद करताना पाहिलं तर तीन फोन येऊन गेले होते.

"मग?" कॅप्टनने विचारलं.

"मग काय. मनात म्हटलं, उशिरा करतोस काय, आता बस उद्यापर्यंत. वर गेलो. ही म्हणाली, आला का हो फोन? मी म्हटलं, नाही." काकांनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्या दिवशी तुमच्या लोकांचा फोन आला. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतो तिला? काटे उलटे फिरवले होते, हे तर मला आठवड्याने कळलं, घड्याळ भिंतीवरून उतरवताना. ती गेल्या वर्षी वारली. मुलाने शेवटचा फोन केला नाही, असंच धरून गेली."

कॅप्टन खाली बघत होता.

"तर विचारायचं ते असं. त्या रविवारी तो माझ्यावर चिडला होता का? कोणाशी काही बोलला का? फोन उचलला नाही म्हणून वाईट वाटून घेतलं का त्याने?"

कॅप्टनने टेबलावरची टोपी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "त्या रविवारी मी त्याला पाहिलंच नाही, काका. त्याच्या खोलीत राहणारा मुलगा नोकरी सोडून गेला. आता सांगणारं कोणी नाही."

काकांनी मान हलवली. उत्तर असंच असेल हे त्यांना घरी असतानाही ठाऊक होतं. तरीही तेच विचारायला ते इतक्या लांब आले होते.

"तारीख सांगा जरा," कॅप्टन एकदम उठला. "आमच्या नोंदवहीत बघून येतो. दहा मिनिटं थांबा."

तो आला तेव्हा चेहरा मोकळा केलेला होता. "काका, ऐका. शनिवारी रात्री घड्याळं मागे घ्यायचं ठरलं होतं खरं. पण वारा फिरला, आम्ही मार्ग बदलला आणि ते रद्द केलं. वेळ बदललीच नाही. म्हणजे तुमच्या मुलाने तुम्हाला जे सांगितलं तेच फिरलं. तुम्ही काटे कसेही फिरवले असते तरी चुकलंच असतं. चूक आमची. तुमची नव्हे."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. हिशेब साधा होता, चौथीतल्या मुलालाही जमेल असा. जहाजाची वेळ बदललीच नसती, तर काकांचं घड्याळ फक्त एक तास पुढे राहिलं असतं आणि बारक्याचा फोन भिंतीवरच्या पाचला आला असता. पण जहाजाची वेळ एक तास मागे गेली असेल आणि काटे एक तास पुढे, तर फरक दोन तासांचा. फोन आले होते भिंतीवरच्या सहाला, सहा-दहाला आणि सहा-वीसला. तेवढं मात्र त्यांनी कॅप्टनला सांगितलं नव्हतं.

वेळ बदलली होती. हा भला माणूस म्हाताऱ्यासाठी खोटं बोलत होता आणि चूक उचलून स्वतःच्या डोक्यावर घेत होता.

"उपकार झाले," काका म्हणाले.

कॅप्टनला हायसं वाटलं. त्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं. "हे बंद पडलं होतं. तुमच्याच मुलाने चालू करून दिलं. तुम्हाला हवं असेल तर ठेवा. मला आनंद होईल."

काकांनी ते हातात घेतलं, कानाशी नेलं, आणि सवयीने खिशातलं अवजार काढून मागचं झाकण उघडलं. झाकण उजेडाकडे धरलं. आतल्या बाजूला, कडेशी, नखाएवढी खूण कोरलेली होती: एक वर्तुळ, दोन आडव्या रेघा, खाली तारीख. त्यांच्या दुकानाची खूण, नावाच्या जागी घालायची.

बारक्या दहा वर्षांचा असताना त्याने विचारलं होतं, "आपण आत नाव का घालतो? ते कोणाला दिसतच नाही."

"पुढे कधीतरी दुसरा कारागीर हे उघडेल," काकांनी सांगितलं होतं. "काम चांगलं असलं तर त्याला काही फरक पडत नाही. चुकलेलं असलं तर कोणाचं चुकलं ते त्याला कळायला हवं. म्हणून घालायचं."

"चुकलं असलं तरी घालायचं?"

"चुकलं असलं तर आधी घालायचं."

पोराने लक्षात ठेवलं होतं. इतक्या लांब, समुद्रात, कोणी बघायला नसताना.

काकांनी झाकण बसवलं, अंगठ्याने दाबलं आणि घड्याळ परत दिलं. "चांगलं चाललंय. तुम्हीच वापरा. बंद राहिलं तर आतलं तेल सुकतं."

लेक डेकवर खुर्ची टाकून बसली होती. ऊन उतरलं होतं. "काय म्हणाले कॅप्टन?"

"भला माणूस आहे."

"आणि?"

ते शेजारी बसले. तिने मनगट पुढे केलं. "रात्री एक तास मागे घ्यायचंय म्हणे. आत्ताच लावून द्या ना. मी करायला गेले तर उलटंच करीन."

काकांनी घड्याळ काढून घेतलं. घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"बारक्याने फोन केला होता," ते म्हणाले. "त्या रविवारी. तीनदा."

मग सगळं सांगितलं, भिंतीवरच्या घड्याळापासून पत्र्याच्या डब्यापर्यंत. कॅप्टनने दिलेलं उत्तर सांगितलं नाही. ते त्यांच्या कामाचं नव्हतं.

लेकीने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "आई रोज विचारायची. अंथरुणात असताना. 'एवढं कसं विसरला गं तो?' तुम्ही समोर बसलेले असायचात."

"हो."

"मी त्याच्या फोटोला हारसुद्धा घातला नाही, बाबा. दोन वर्षं."

"हो."

"नुसतं हो हो काय म्हणताय!"

ती उठली आणि कठड्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलताना दिसत होते. काकांना उठावंसं वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी घड्याळाची किल्ली ओढली, चष्मा नाकावर नीट केला आणि काटे मागे घेतले. एक एक मिनिट मोजून, साठ.

बऱ्याच वेळाने ती परत आली. डोळे सुजले होते. तिने हात पुढे केला, काकांनी त्यावर घड्याळ ठेवलं.

लहानपणापासून बाबांनी लावून दिलेलं घड्याळ तिने कधी पडताळून पाहिलं नव्हतं. आज तिने मान वर करून डेकवरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं, मग हातातल्याकडे, मग पुन्हा वर. बोटांवर मोजलं.

काका हात मांडीवर ठेवून तिचं मोजून होईपर्यंत थांबले.